केस गळण्याचे प्रकार: ओळख आणि उपाय

केस गळायला लागले की माणूस आधी तेल बदलतो, मग शाम्पू, मग कुणीतरी सुचवलेली गोळी सुरू करतो. गळती नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे पाहायचं राहूनच जातं, आणि उपाय तर सगळा त्यावरच ठरतो. मोठ्या तापानंतर सुरू झालेली गळती बहुतेक वेळा काहीही न लावता थांबते. आनुवंशिक टक्कल औषधाविना पुढेच सरकत राहतं. मुलाच्या डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही. आणि मुळांवर व्रण पाडणाऱ्या गळतीत ‘बघू थोडे दिवस’ म्हटलं, तर तेवढ्या जागेवर पुन्हा केस उगवत नाहीत.

केसाचं चक्र

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र स्वतंत्र चालतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा. या काळात केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. नंतर २ ते ३ आठवडे मूळ आकसतं, मग सुमारे ३ महिने केस नुसताच मुळात बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून पुढे नवा केस येतो. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या काळात असतात, उरलेले बहुतेक विश्रांतीत. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे.

या चक्रातून दोन गोष्टी निघतात आणि त्या पुढे सतत उपयोगी पडतात. पहिली: अचानक वाढलेल्या गळतीचं कारण गेल्या आठवड्यात शोधू नका, २-३ महिने मागे जा. दुसरी: कोणत्याही उपायाचा निकाल ४ महिन्यांच्या आत लागत नाही. तीन आठवड्यांत फरक दाखवण्याचं आश्वासन देणारी बाटली त्या तीन आठवड्यांत जास्तीत जास्त केसांची चमक बदलू शकते.

घरी काय पाहायचं

गळलेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवून नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली तर तो केस चक्र पूर्ण करून मुळापासून सुटला आहे. ही गाठ म्हणजे ‘मूळ उपटलं गेलं’ असं अनेकांना वाटतं, पण खरं मूळ त्वचेतच राहतं. दोन्ही टोकांना गाठ नसेल, टोक फाटलेलं किंवा बोथट असेल, तर केस मधेच तुटला आहे. आणि गळलेल्या केसांत ३ सेंटिमीटरपेक्षा आखूड, बारीक केस बरेच असतील, तर मुळं लहान होत चालल्याची, म्हणजे आनुवंशिक टकलाची शंका घ्यावी.

मग भांग पाडा. टाळूवरचा भांग आणि मागचा, मानेच्या वरचा भांग यांची तुलना करा. दोन्हीकडे सारखाच विरळपणा असेल तर गळती सगळ्या डोक्यातून आहे. मागे दाट आणि वर रुंद असेल तर आनुवंशिक.

ओढून पाहण्याची चाचणी अशी: ५० ते ६० केसांची बट अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत त्वचेजवळ धरायची आणि हलका, एकसारखा ताण देत टोकापर्यंत सरकवत न्यायची. झटका द्यायचा नाही. पुढे, टाळूवर, दोन्ही बाजूंना आणि मागे असं वेगवेगळ्या जागी करायचं. एकेका बटेतून ६ किंवा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. दर वेळी केस धुतल्यापासून सारखंच अंतर ठेवा. आज धुतल्यावर आणि पुढच्या खेपेला चार दिवस न धुता पाहिलंत, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

इथेच नेहमीचा गैरसमज होतो. आठवड्यातून दोनदाच केस धुणाऱ्या माणसाचे मधल्या दिवसांत सुटलेले केस इतर केसांत अडकून राहतात आणि धुताना एकदम २००-३०० निघतात. ते दृश्य भीतिदायक असतं, हिशेब मात्र रोजच्या गळतीचाच असतो. कुरळ्या आणि लांब केसांत हे जास्त होतं. या भीतीने धुणं आणखी लांबवलं की पुढच्या वेळी गुंता आणखी मोठा.

फोटो मात्र जरूर काढा. केस कोरडे, तोच भांग, तोच उजेड, तेच अंतर. समोरून, वरून आणि दोन्ही कानशिलांकडून, दर ३ महिन्यांनी. रोज आरशात बघून काही कळत नाही, काळजी तेवढी वाढते.

अचानक, सगळ्या डोक्यातून

मूठभर केस हातात येतात, उशीवर दिसतात, कंगवा भरतो, पण कुठेही गोल टक्कल नाही आणि त्वचा स्वच्छ आहे. हा प्रकार म्हणजे टेलोजेन एफ्लुव्हियम. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या काळातले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि २-३ महिन्यांनी एकत्र गळतात. धक्के ठरलेले आहेत: खूप ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, जबर आजार, झपाट्याने वजन उतरवणं, तीव्र मानसिक आघात, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड हीही नेहमीची कारणं. औषधांपैकी मुरुमांवरची रेटिनॉइड, रक्तदाबावरचे काही बीटा-ब्लॉकर, रक्त पातळ करणारी हेपारिन आणि वॉर्फरिन, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं लिथियम यांचा विचार करावा लागतो. पण संशय आला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. वॉर्फरिन किंवा फिटची गोळी अचानक थांबवण्याचा धोका केस जाण्यापेक्षा फार मोठा आहे.

धक्का एकदाच बसून गेला असेल तर गळती साधारण ६ महिन्यांत ओसरते. बाळंतपणानंतरची गळती २ ते ४ महिन्यांनी सुरू होते आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. या प्रकारात पूर्ण टक्कल पडत नाही. सुधारणेची खूण कपाळाच्या कडेला दिसते: तिथे आखूड, निमुळत्या टोकाचे नवे केस उभे राहू लागतात. मात्र महिन्याला १ सेंटिमीटर या गतीने ते खांद्यापर्यंत पोचायला दोन-अडीच वर्षं लागतात. गळती थांबूनही वेणी बारीकच दिसते ती यामुळे, उपाय फसला म्हणून नव्हे.

करायचं काय? मागच्या सहा महिन्यांची टिपणं काढा: ताप कधी, वजन किती उतरलं, कोणती गोळी सुरू किंवा बंद झाली. कारण उघड असेल आणि गळती ओसरत असेल तर थांबा. कारण सापडत नसेल किंवा पाळी खूप जात असेल, थकवा असेल, तर हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. डॉक्टरांना गरज वाटली तर ड आणि ब१२ जीवनसत्त्वं. फेरिटिन आवर्जून सांगायचं, कारण लोहाचा साठा हिमोग्लोबिनच्या आधी आटतो. हिमोग्लोबिन ठीक आल्यामुळे लोहाची कमतरता निसटून जाते, असं वारंवार होतं. कमतरता निघाली तर लोहाची गोळी हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण ३ महिने चालू ठेवतात. तपासणी न करता लोह घेऊ नका. ते साठून राहतं आणि नुकसान करतं.

वजन उतरवत असाल तर उपासमारीचा आहार थांबवा. प्रथिनं आणि एकूण उष्मांक पुरेसे नसतील तर कोणतंही सीरम कामाचं नाही. या प्रकारात सीरमची फसगत सहज होते: माणूस तिसऱ्या महिन्यात ते आणतो, गळती सहाव्या महिन्यात आपोआप थांबते आणि श्रेय बाटलीला जातं.

सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल तर तिला जुनाट म्हणायचं आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. एक शक्यता अशीही असते की आधीपासून हळूहळू चाललेलं आनुवंशिक टक्कल या धक्क्याने उघडं पडलं. दोन्ही प्रकार एकाच डोक्यात असणं अगदी नेहमीचं आहे.

हळूहळू विरळ होणं: आनुवंशिक टक्कल

हा प्रकार सर्वांत मोठ्या संख्येने दिसतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तयार होतं. ज्या मुळांना त्याची जन्मजात संवेदनशीलता असते ती प्रत्येक चक्रागणिक लहान होत जातात. वाढीचा काळ आखूड होतो, केस बारीक येतो, मग अगदी लव येते. म्हणून इथे ‘खूप गळतात’ अशी तक्रार असेलच असं नाही. विरळपणा मात्र वाढत राहतो. आनुवंशिकता आईकडून, वडिलांकडून किंवा दोघांकडून येऊ शकते.

पुरुषांत कानशिलांवर कपाळ मागे सरकतं आणि टाळूवर गोल भाग विरळ होतो. पायऱ्या मोजायला हॅमिल्टन-नॉरवूड मोजपट्टी वापरतात. स्त्रियांत कपाळाची कड बहुधा टिकते आणि मधला भांग रुंदावतो. त्यासाठी लुडविगच्या तीन पायऱ्या आहेत. स्त्रीला याबरोबर पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरुमं असा त्रास असेल तर पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाचा, बीजांडकोशांशी संबंधित विकार) आणि संप्रेरकांची तपासणी करायला हवी.

पहिलं औषध मिनॉक्सिडिल. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. अंगावर केस वाढण्याचा त्याचा दुष्परिणाम पाहून ते डोक्याला लावायला सुरुवात झाली आणि अमेरिकेत १९८८मध्ये त्याला मान्यता मिळाली. लावण्यात इतक्या चुका होतात की पद्धत सविस्तर सांगायला हवी.

पुरुषांसाठी ५ टक्के द्रावण १ मिली, दिवसातून दोनदा. स्त्रियांसाठी २ टक्के द्रावण १ मिली दोनदा, किंवा ५ टक्के फेस अर्धं झाकण, दिवसातून एकदा. डोकं पूर्ण कोरडं हवं. विरळ भागात पाच-सहा भांग पाडून थेंब त्वचेवर सोडायचे आणि बोटाच्या टोकाने पसरायचे. केसांवर फवारलेलं औषध वाया जातं, आणि दाट केसांत नेमकं तेच होतं. नंतर हात धुवा. ४ तास डोकं धुऊ नका. रात्रीचा डोस झोपण्याच्या दोन तास तरी आधी लावा. ओलं डोकं उशीवर टेकलं की औषध गालाला लागतं आणि तिथे केस येतात. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचं नाही. जास्त लावल्याने केस लवकर येत नाहीत, चक्कर आणि धडधड मात्र येऊ शकते.

सुरुवातीच्या २ ते ८ आठवड्यांत गळती वाढू शकते. विश्रांतीतले जुने केस नव्या केसांना जागा देत बाहेर पडतात, म्हणून असं होतं. बहुतेक माणसं औषध सोडतात ती नेमकी इथेच, आणि हेच सर्वांत वाईट वाटतं. काम सुरू झाल्याची ती खूण असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात फोटोंची तुलना करा, पूर्ण निकाल १२ महिन्यांनी. गळती थांबणं हाही फायदाच समजावा. औषध सोडलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात, तेव्हा सुरू करण्याआधीच ‘हे रोज, कायम जमेल का’ हे स्वतःला विचारून घ्यावं.

खाज आणि लाली आली तर बहुधा द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल कारण असतं. ते नसलेला फेस वापरून पाहावा. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना मिनॉक्सिडिल नको, १८ वर्षांखालीही नको. हृदयरोग असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणं, धडधड, पावलांना सूज यांपैकी काही जाणवलं तर लगेच थांबवा. घरात मांजर असेल तर फार जपा: सांडलेलं औषध किंवा उशीवरचा अंश चाटल्याने मांजर दगावू शकतं. कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही आता डॉक्टर देतात. सूज, धडधड आणि अंगभर केस यांवर लक्ष ठेवावं लागत असल्याने ती स्वतःहून घेण्याची गोष्ट नाही.

पुरुषांसाठी दुसरं औषध फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅम रोज. ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होणंच कमी करतं, त्यामुळे मिनॉक्सिडिलबरोबर घेतल्यास दोन बाजूंनी काम होतं. थोड्या पुरुषांत कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, काहींचं मन खिन्न होतं. असं जाणवलं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा या गोळीमुळे साधारण निम्मा होतो. तपासणीच्या वेळी गोळीची माहिती दिली नाही तर खरा वाढलेला आकडाही साधा वाटेल. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. स्त्रियांना काही वेळा पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्यासोबत खात्रीचं गर्भनिरोधन लागतं आणि पोटॅशियम व रक्तदाबाकडे लक्ष द्यावं लागतं.

केसरोपणात डोक्याच्या मागच्या, टिकाऊ भागातली मुळं पुढे बसवतात. मागचा साठा मर्यादित असतो, म्हणून विशीतच कपाळ खाली आणण्यासाठी तो खर्च करणं मला चुकीचं वाटतं. टक्कल पुढे वाढतं आणि पुढच्या पट्ट्यामागे मोकळं मैदान उरतं. रोपण केलेले केस २ ते ६ आठवड्यांत गळतात, ३-४ महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, अंतिम रूप वर्षाने दिसतं. बाकीचे केस टिकवायला औषधं चालूच ठेवावी लागतात. पीआरपीमध्ये स्वतःच्या रक्तातले प्लेटलेट टोचतात, साधारण महिन्याच्या अंतराने ३ वेळा. रक्त तयार करण्याच्या पद्धती जागोजागी वेगळ्या असल्याने निकालही वेगळे येतात. औषधांना पर्याय म्हणून त्याकडे पाहू नये.

चाई

केसांत अचानक गोल, गुळगुळीत, नाण्याएवढा चट्टा. ना कोंडा, ना दुखणं. कडेला पाहिलं तर काही आखूड केस मुळाशी बारीक आणि टोकाशी जाड, उद्गारचिन्हासारखे दिसतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डेही असू शकतात. ही चाई. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. ती लागट नाही आणि कीड लागल्यामुळेही होत नाही. त्यावर कांदा, लसूण किंवा झोंबणारा कसलाही लेप चोळून त्वचा भाजून घेऊ नका.

एखाद-दुसरा लहान चट्टा असेल तर निम्म्या लोकांत वर्षभरात केस आपोआप येतात, सुरुवातीला बहुधा पांढरे. लवकर हवे असतील तर डॉक्टर चट्ट्यात ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड टोचतात, दर ४ ते ६ आठवड्यांनी. लहान मुलांना सुई नको म्हणून स्टेरॉइड मलम देतात. मलम ठरवून दिलेल्या दिवसांपुरतंच लावायचं. जास्त लावलं की त्वचा पातळ होते, खोलगट दिसते. चाई डोकंभर, भुवयांपर्यंत पसरली असेल तर २०२२पासून बॅरिसिटिनिब आणि पुढे १२ वर्षांवरील मुलांसाठी रिटलेसिटिनिब अशा गोळ्या मान्य झाल्या आहेत. त्या सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि रक्ताची तपासणी लागते, आणि बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात.

चट्टे नीट गोल नसून डोकंभर वाळवी खाल्ल्यासारखे विस्कळीत असतील, तर प्रौढांमध्ये सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. वेळेत सापडला तर तो बरा होतो आणि केसही येतात.

मुलांच्या डोक्यातला नायटा

मुलाच्या डोक्यात खवले, खाज, त्वचेलगत तुटलेले केस किंवा काळे ठिपके दिसले तर बुरशीचा संसर्ग समजावा. काही वेळा मऊ, पू भरलेली, दुखरी गाठ येते. ती चिरायची नसते; औषधानेच बसते. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथे मलम पोचत नाही, म्हणून तोंडाने औषध घ्यावंच लागतं. ग्रिसिओफल्विन साधारण ६ ते ८ आठवडे, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत. किंवा टर्बिनाफिन साधारण ४ आठवडे. मात्रा वजनावर ठरते. सोबत किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून २-३ वेळा, फेस ५ मिनिटं ठेवून. त्याने रोग बरा होत नाही, पण इतरांना लागण कमी होते. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा, घरातली बाकीची मुलं आणि कुत्री-मांजरं तपासून घ्या. उपचार सुरू झाल्यावर शाळा बुडवायची गरज नाही. स्टेरॉइड मिसळलेलं खाजेचं मलम लावू नका; खाज तात्पुरती शमते आणि बुरशी आत फोफावते.

ओढले गेलेले आणि तुटलेले केस

घट्ट वेणी, घट्ट अंबाडा, वजनदार जोडकेस यांनी कानशिलांवरची कड मागे जाते. अगदी कडेला मात्र बारीक लव उरते. केस बांधल्यावर डोकं दुखत असेल, त्वचेवर पुळ्या येत असतील, तर ताण जास्त आहे. वेळीच सैल बांधलं तर काही महिन्यांत केस परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला आणि जागा चकचकीत झाली, तर नाही.

गाठ नसलेले केस पडत असतील तर मुळांचा प्रश्नच नाही. ब्लीच, रसायनाने सरळ करणं, तापलेली इस्त्री ही कारणं. ओल्या केसांवर गरम इस्त्री सर्वांत घातक: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि केस तिथेच तुटतो. केस आधी वाळवा, तापमान कमी ठेवा, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवा. तेल आणि कंडिशनर इथे उपयोगी पडतात, कारण घर्षण कमी होतं.

एखाद्या जागी कमी-जास्त लांबीचे केस उरलेले, आकार वेडावाकडा असेल, तर माणूस स्वतः केस उपटत असू शकतो, कधी नकळत. रागावून ते थांबत नाही. सवय बदलण्याची एक ठरावीक वर्तनोपचार पद्धत आहे, मानसोपचारतज्ज्ञ ती शिकवतात.

केमोथेरपी

केस वाढीच्या काळातच तुटतात, म्हणून पहिल्या मात्रेनंतर २-३ आठवड्यांतच गळती सुरू होते. सर्वच औषधांनी होत नाही. आपल्या औषधाबद्दल आधी विचारा. थंड टोपीने डोक्याचा रक्तपुरवठा कमी करून काहींचे बरेच केस वाचवता येतात, मात्र रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. केसांचा टोप हवा असेल तर केस असतानाच रंग जुळवून निवडा. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस येतात. सुरुवातीला पोत किंवा रंग वेगळा असू शकतो.

घाईने डॉक्टर गाठण्याची गळती

डोक्यात आग, दुखरेपणा, खाज, आणि विरळ झालेल्या जागी त्वचा गुळगुळीत, केसांची छिद्रंच दिसेनाशी: ही व्रण पाडणारी गळती असू शकते. लायकेन प्लॅनोपिलॅरिस, डिस्कॉइड ल्युपस, पू होणारा फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स हे त्यातले प्रकार. आणखी एका प्रकारात, मुख्यतः पाळी थांबलेल्या स्त्रियांत, कपाळाची कड पट्ट्यासारखी मागे जाते आणि भुवयाही विरळ होतात. मूळ नष्ट झालं की कोणतंही औषध ते परत आणत नाही. उपचाराचा हेतू उरलेलं वाचवणं हाच असतो. म्हणून इथे आठवडेही मोलाचे.

बायोटिन आणि कोंडा

बायोटिनची खरी कमतरता फार विरळ असते. ती नसताना घेतलेल्या मोठ्या मात्रेने केस वाढल्याचा भक्कम पुरावा नाही, पण थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिनसारख्या तपासण्या चुकू शकतात. रक्त देण्याआधी किती दिवस गोळी बंद ठेवायची ते प्रयोगशाळेला विचारा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. एकावर एक तीन ‘हेअर’ गोळ्या घेणाऱ्यांनी लेबलवरच्या मात्रांची बेरीज करून पाहावी. कोंडा आणि तेलकट खवले असतील तर २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे.

डॉक्टरांकडे जाताना

डोक्यावर तेल, रंगाची पावडर किंवा केस दाट दाखवणारे तंतू लावून जाऊ नका. डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) त्वचा आणि मुळं पाहायची असतात. जुने फोटो, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावं, रक्ताचे अहवाल आणि मागच्या सहा महिन्यांची टिपणं सोबत ठेवा. व्रणाची शंका असेल तर ४ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करून हे काम काही मिनिटांत होतं. तो तुकडा पूर्ण गुळगुळीत झालेल्या मधल्या भागातून न घेता कडेच्या, लाली आणि थोडे केस अजून असलेल्या भागातून घ्यायला हवा, कारण रोग चालू असतो तो तिथे.